किलोमीटर छापता, मग चढ कुठे जातो?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

डोंगर, जुनी गावं, जंगल आणि पोहायची तळी असा सगळा गोल फिरून परत निघाल्या जागी आणणाऱ्या पायवाटेवरचा तुमच्या पुरवणीतला लेख वाचला. फोटो कापून ठेवावेत इतके छान आहेत, पण शेवटच्या चौकटीत 'अंतर १४ किमी, सोपा लूप' एवढंच छापलंय आणि तिथे माझं डोकं सटकलं, कारण अशाच एका 'सोप्या' लूपवर मी मागच्या वर्षी जाऊन आलेय आणि नंतर दोन दिवस कठडा धरून जिना उलटा उतरत होते. घरातल्यांची करमणूक झाली, माझी नाही.

डोंगरात नुसत्या किलोमीटरवरून काही म्हणजे काही कळत नाही हो. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्येच एक साधा हिशोब सांगून ठेवलाय, आपल्या मापात बोलायचं तर ताशी ५ किमी धरा आणि वर दर ६०० मीटर चढाला एक तास जादा. आमच्या लूपचा एकूण चढ ७५० मीटर होता (हे घरी आल्यावर बघितलं, शहाणपण घरी आल्यावरच येतं). म्हणजे १४ किमीचे पावणेतीन तास, चढाचा सव्वा तास, झाले चार, आणि तेही कुठे न टेकता, पाणी न पिता, फोटो न काढता. आम्ही तीन तासांत परत येऊ म्हणून निघालो आणि लागले साडेसात! बरं, एकूण चढ म्हणजे सगळ्यात उंच टोक वजा सुरुवात असं नसतं, मधे तळ्याकडे उतरायचं, परत वर, मग ओढ्यात उतरायचं, परत वर, या सगळ्या वर जाण्याची बेरीज. आणि लूप असल्यामुळे जेवढं चढलात तेवढं इंच न् इंच उतरावंच लागतं. लोकांना वाटतं उतार म्हणजे फुकट. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच वजन पेलत असतात, त्याचं दुखणं त्या दिवशी नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतं. माझा जिना त्यामुळेच.

लूपची अजून एक गंमत कोणी लिहीत नाही. गेलो त्याच वाटेने परत यायचं असेल तर परतताना सगळं ओळखीचं असतं, ते झाड, तो दगड, आता दहा मिनिटं राहिली. लूपमध्ये दुसरा अर्धा भाग पूर्ण नवा, आणि तो समोर येतो नेमका तुम्ही दमलेले असताना, मोबाइलची बॅटरी शेवटच्या काडीवर असताना. शिवाय अर्ध्यावर पोचलात की मागे फिरणं आणि पुढे जाणं सारखंच लांब, त्यामुळे मागे फिरायचं का हा निर्णय अर्ध्याच्या आधीच घ्यावा लागतो, आणि तेव्हा तर सगळे उत्साहात असतात. आम्ही जंगलात एका फाट्यावर चुकलो तेही असंच. दाट झाडीखाली जीपीएसचा ठिपका कधी वाटेच्या या बाजूला कधी त्या बाजूला, उजेड तर उघड्या डोंगरापेक्षा कितीतरी आधी जातो, आणि मी आपली 'रेंज येईल, रेंज येईल' करत हात वर धरून उभी. नकाशा आधी डाउनलोड करून ठेवला असता तर त्याला रेंज लागलीच नसती, पण ते सुचायला पाहिजे ना.

आता तळ्याबद्दल, कारण माझं पत्र खरं त्यासाठीच आहे. तुमच्या लेखात 'घामाघूम होऊन आलात की थेट उडी मारा' असं लिहिलंय. कृपा करून असं छापू नका. माझ्या भाच्याने हेच केलं, चांगला पोहणारा मुलगा. वर आला तेव्हा तोंड उघडं, डोळे मोठे, आणि आवाजच फुटेना, नुसता हा-हा-हा श्वास. काठापासून चार हातांवर होता म्हणून आम्ही टॉवेलचं टोक फेकून ओढला. उन्हाने वरचं पाणी कोमट लागतं पण थोडं खाली गेलं की पाणी एकदम गार असतं, आणि १५ अंशाखालच्या पाण्यात अचानक गेलं की शरीर आपोआप मोठा श्वास ओढतं, त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर संपलं. पोहता येण्या-न येण्याचा त्याच्याशी संबंध नाही. पहिलं मिनिट-दोन मिनिटं निभावली की श्वास ताब्यात येतो, म्हणून हातपाय झाडायचे नाहीत, पाठीवर तरंगत राहायचं. मुळात आधी बसून अंग गार होऊ द्यावं, काठाकडून हळूहळू पाण्यात शिरावं, तोंडावर पाणी मारावं. आणि पाण्यावर हिरव्या रंगाचा डबा सांडल्यासारखी साय दिसली तर पायसुद्धा घालू नये, तो शेवाळासारखा दिसणारा जिवाणूंचा थर विषारी असू शकतो, बरोबर कुत्रा असेल तर त्याला आधी आवरा. पोहून झाल्यावर पाय नीट कोरडे करून कोरडे मोजे, नाहीतर ओल्या कातडीला पुढच्या तासाभरात फोड. मला तीन आले.

गावांबद्दल तुम्ही छान लिहिलंय, मधोमध झिजलेल्या दगडी पायऱ्या वगैरे, पण ती माणसांची घरं आहेत हे एका ओळीत तरी यायला हवं होतं. आम्हीच एका कुंपणाच्या दगडी भिंतीवर ओले टॉवेल वाळत घातले, आणि आतून एक आजी बाहेर आल्या, काही बोलल्या नाहीत, नुसत्या टॉवेलकडे बघत उभ्या राहिल्या. इतकी लाज वाटली! जुन्या वाटा वळणं घेत का जातात हेही त्यांच्याच गावाबाहेरच्या वाटेवर चालताना कळलं, ओझं घेतलेल्या माणसाला आणि जनावराला झेपेल असा तो चढ ठेवलेला असतो. आपण वळणं कापून सरळ खाली घसरतो, मग पावसाचं पाणी त्याच घसरणीतून धावतं आणि वाटच वाहून जाते.

तर विनंती एवढीच की पुढच्या वेळी त्या चौकटीत एकूण चढ, न थांबता लागणारा वेळ, लूप कुठल्या बाजूने सुरू करायचा (तीव्र चढ सकाळी चढून संपवावा, गुडघेवाल्यांनी तर नक्कीच), आणि मधूनच रस्त्याला लागता येईल अशी जागा कुठे आहे, एवढं छापा. चार ओळी होतील. जागा कमी पडली तर एक फोटो लहान करा, सूर्यास्ताचा केलात तरी चालेल, आम्ही तर तो जंगलात चाचपडत असताना हुकवलाच.

आपली,
एक नियमित वाचक