फ्रोझन डेझर्ट म्हणजे बिनदुधाचं आईस्क्रीम नव्हे

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत उन्हाळी थंड पदार्थांचं पान होतं. ज्यांना दूध चालत नाही त्यांनी आईस्क्रीमऐवजी बाजारातलं फ्रोझन डेझर्ट आणावं, कारण ते वनस्पती तेलाचं असतं, असं त्यातल्या एका चौकटीत लिहिलं होतं. ही माहिती चुकीची आहे. ती वाचून कुणी दुधाची ॲलर्जी असलेल्या मुलापुढे वाटी ठेवली, तर त्या मुलाच्या जिवावर बेतू शकतं. म्हणून हे पत्र. घरी नारळाच्या दुधाचं व्हॅनिला आईस्क्रीम कसं करता येतं तेही लिहिते आहे, त्यामुळे पत्र जरा लांबेल.

मी दापोली तालुक्यात मुरूडला राहते. समुद्रावर येणाऱ्या पाहुण्यांसाठी घरगुती जेवण करते. माझ्या पुतण्याची मुलगी सहा वर्षांची आहे आणि तिला दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी आहे. चमचाभर दही पोटात गेलं तरी अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, उलट्या सुरू होतात. मे महिन्यात ती आमच्याकडे असते.

लोकांची गल्लत होते ती लॅक्टोजशी. लॅक्टोज ही दुधातली साखर. ती पचवणारं विकर शरीरात कमी असलं की पोट फुगतं, जुलाब होतात. तो त्रास वेगळा, आणि अशा माणसाला लॅक्टोज-फ्री दूध चालतं. ॲलर्जी असते ती केसिन आणि व्हे या प्रथिनांची, आणि लॅक्टोज-फ्री दुधात ती दोन्ही असतात. देशी गाईचं म्हणून विकल्या जाणाऱ्या ए-टू दुधातही असतात. "शेळीचं देऊन बघा", "म्हशीचं देऊन बघा" असं प्रत्येक लग्नात कुणी ना कुणी सांगतंच. शेळी-म्हशीच्या दुधातली प्रथिनं गाईच्या दुधातल्या प्रथिनांशी इतकी मिळतीजुळती असतात की ॲलर्जी असलेल्या बहुतेक मुलांना त्यांचाही त्रास होतो. ही 'देऊन बघायची' गोष्टच नाही.

आता फ्रोझन डेझर्ट. आपल्याकडच्या नियमानुसार नुसत्या 'आईस्क्रीम' या नावानं विकायच्या पदार्थात दुधाचा स्निग्धांश किमान १० टक्के लागतो. फ्रोझन डेझर्टमध्ये त्या स्निग्धांशाच्या जागी पामतेलासारखं वनस्पती तेल चालतं. फरक एवढाच, स्निग्धांशाचा. दुकानात मिळणाऱ्या बहुतेक फ्रोझन डेझर्टमध्ये दुधाची भुकटी असतेच. डबा उलटा करून घटक वाचा. 'मिल्क सॉलिड्स' किंवा 'स्किम्ड मिल्क पावडर' पहिल्या तीन-चार शब्दांतच सापडेल. २०१७ मध्ये या दोन पदार्थांच्या जाहिरातीवरून मुंबई उच्च न्यायालयात खटला झाला, तोही तेलावरून होता. तेव्हापासून 'फ्रोझन डेझर्टमध्ये दूध नसतं' हा समज मी अनेकांच्या तोंडून ऐकला आहे. आता तो आपल्या पानावर छापून आला, याचं मला फार वाईट वाटलं.

पाकिटावरचा हिरवा ठिपकाही इथे उपयोगाचा नाही. तो शाकाहारासाठी आहे, आणि दूध शाकाहारातच मोडतं. 'नॉन-डेअरी' लिहिलेल्या व्हिपिंग क्रीममध्ये आणि कॉफीत घालायच्या भुकटीत पुष्कळदा सोडियम केसिनेट असतं, म्हणजे दुधाचंच प्रथिन. खात्रीनं वाचायच्या जागा दोन. पॅकबंद मालावर दुधासारख्या ॲलर्जीकारक घटकांचा स्पष्ट उल्लेख करणं अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबल-नियमांनी बंधनकारक केलं आहे. ती 'कंटेन्स मिल्क' ही ओळ घटकांच्या जवळपास असते. दुसरी जागा म्हणजे २०२२ च्या नियमांनी आलेलं व्हीगन, म्हणजे दुधासकट प्राण्यांपासूनचं काहीच नसलेल्या पदार्थाचं चिन्ह, चौकोनातला हिरवा इंग्रजी व्ही. ते असलं तरी 'मे कंटेन' ही ओळ वाचल्याशिवाय ॲलर्जीच्या मुलाला काही देऊ नये, कारण एकाच कारखान्यात दुधाचा मालही होत असू शकतो. दुकानात जाऊन स्कूपनं काढून घेतलेलं आईस्क्रीम तर मी तिला कधीच देत नाही, मग ते जांभळाचं असो की कलिंगडाचं. तोच स्कूप एका पाण्यात बुडवून सगळ्या डब्यांत फिरतो.

कोकणात राहून व्हॅनिला कशाला, आंब्याचं करा की, असं मला विचारतात. आंब्याचं होतंच. हापूसचा रस आणि नारळाचं दूध घोटून थिजवलं की दुधाची आठवणही येत नाही. पण वाढदिवसाला केकशेजारी वाढतात ते पांढरं व्हॅनिला. गरम गुलाबजामाबरोबर, जेलीबरोबर सगळ्या मुलांच्या वाटीत तेच असतं, आणि हिच्या वाटीत वेगळं काही दिलं की ती खाते, पण इतरांच्या वाट्यांकडे बघत. मला तिला वेगळी वाटी द्यायची नव्हती. सगळ्या पंगतीला एकच आईस्क्रीम वाढायचं होतं, तिलाही चालेल असं. व्हॅनिला त्यासाठी सगळ्यांत अवघड, कारण आंब्याच्या वासाखाली जे झाकलं जातं ते व्हॅनिलात उघडं पडतं.

साधारण लिटरभर आईस्क्रीमला मोठे चार नारळ लागतात. नारळ पुरता तयार असावा, हलवल्यावर आत पाणी वाजलं पाहिजे. विळीवर खवताना करवंटीकडची तपकिरी पाठ येऊ द्यायची नाही. पांढरा चव, म्हणजे खवलेलं खोबरं, तेवढाच घ्यायचा. ती पाठ आली की दूध मळकट दिसतं आणि खोबरेल तेलासारखा वास मारतं. चव कोमट पाणी घालून मिक्सरमधून काढायचा आणि स्वच्छ पंचातून पिळायचा. पहिलं दाट दूध साधारण पाऊण लिटर निघेल इतपतच पाणी. तोच चव पुन्हा वाटून दुसरं पातळ दूध काढायचं, ते पाव लिटर पुरे. पंधरा-वीस काजू दोन तास भिजवून या पातळ दुधातच गंधासारखे बारीक वाटायचे. काजूनं दोन कामं होतात: आईस्क्रीमला अंग येतं आणि नारळाचा वास मागे सरतो.

सोलकढी करणाऱ्या कुठल्याही बाईला ठाऊक असतं की नारळाचं दूध खळखळून उकळलं की फुटतं. गाईच्या दुधातली प्रथिनं स्निग्धांश आणि पाणी एकत्र धरून ठेवतात. नारळाच्या दुधात तेवढं बळ नसतं. ते काम कॉर्नफ्लॉवरकडून करून घ्यायचं. पातळ दुधात तीन मोठे चमचे कॉर्नफ्लॉवर, पावणेदोनशे ग्रॅम साखर आणि चिमूटभर मीठ घालून मंद आचेवर ढवळत राहायचं. कस्टर्डसारखं दाट झालं, कच्चा वास गेला, की आच अगदी बारीक करून दाट दूध ओतायचं आणि वाफ दिसू लागताच उतरवायचं. गरम न करता कच्चंच दूध गोठवणारे आहेत, पण आमच्या हवेत नारळाचं दूध दुपारपर्यंतही टिकत नाही, आंबतं. लहान मुलांसाठी करायचं तर तापवलेलंच बरं.

साखर कमी करू नका, ही माझी आग्रहाची विनंती. साखर केवळ गोडीसाठी नसते. पाण्यात विरघळलेली साखर त्यातलं थोडं पाणी फ्रीजरमध्येही गोठू देत नाही, म्हणून चमचा आत जातो. साखर अर्धी केली की आईस्क्रीमचा दगड होतो आणि मग लोक नारळाला दोष देतात. फार गोड वाटत असेल तर थोडी साखर काढून तिच्या जागी ग्लुकोज घाला. त्याची गोडी कमी, पण गोठण रोखायला ते साखरेपेक्षा जोरकस.

व्हॅनिलासाठी साधा इसेन्स चालतो, एक ते दीड चमचा. तो मिश्रण गार झाल्यावर घालायचा, नाही तर वास उडून जातो. बाजारातला बहुतेक इसेन्स कारखान्यात केलेल्या व्हॅनिलिनचा असतो. जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी १८७४ मध्येच व्हॅनिलिन प्रयोगशाळेत तयार केलं होतं. त्यात वाईट काही नाही. पण कर्नाटकातून आलेल्या एका पाहुण्यांनी त्यांच्या सुपारीच्या बागेतल्या शेंगा मला दिल्या, त्यानंतर खास दिवसासाठी मी शेंगच वापरते. शेंग उभी चिरून आतला काळा गर सुरीच्या पाठीनं खरवडायचा आणि सालासकट पातळ दुधात उकळायचा. नारळाचा स्निग्धांश तो वास छान धरतो. पांढऱ्या आईस्क्रीमवर बारीक काळे ठिपके दिसतात, ते बघूनच मुलं हरखतात.

ही शेंग इतकी महाग का, ते त्या पाहुण्यांनीच सांगितलं. व्हॅनिला ही ऑर्किडची वेल, मूळची मेक्सिकोकडची. तिचं फूल एका सकाळपुरतं उमलतं आणि आपल्याकडे त्याचं परागीभवन माणसानं हातानं करावं लागतं, एकेका फुलाचं. ही हातानं करायची सोपी रीत १८४१ मध्ये हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर एडमंड अल्बियस नावाच्या मुलानं शोधली. तो बारा वर्षांचा होता आणि गुलाम होता. पुढे शेंग तयार व्हायला आठ-नऊ महिने, मग गरम पाण्यात बुडवणं, उन्हात घालणं, घोंगडीत गुंडाळून घाम आणणं, महिनोन् महिने मुरवणं. वेलीवरच्या हिरव्या शेंगेला हा वास नसतोच. रियुनियनवरच्या त्या मुलाची गोष्ट आमच्या पोरीला मी सांगितली आहे, तिला ती पाठ आहे.

मिश्रण रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून मगच गोठवावं. आधीच गार असलं की ते लवकर गोठतं, आणि लवकर गोठलं की बर्फाचे कण बारीक राहतात. नारळाचा स्निग्धांश साधारण २४ अंशांखाली घट्ट होतो, म्हणून सकाळी वर लोण्यासारखा थर दिसेल. घाबरू नये. मिक्सरमधून एकदा फिरवून घ्यायचं, पण थोडंच; फार घुसळलं तर स्निग्धांशाचे दाणे सुटतात आणि ते जिभेला मेणासारखे लागतात.

आमच्याकडे सासूबाईंच्या वेळचा लाकडी बादलीचा सांचा आहे. हर्णै बंदरावर मासळीसाठी बर्फ मिळतोच, तो गोणपाटात घालून आणतो. हा बर्फ भांड्याच्या बाहेर राहतो, पोटात जात नाही, तरी झाकण घट्ट आहे ना हे दोनदा बघावं. चार भाग बर्फाला एक भाग खडे मीठ, थरावर थर. मिठामुळे बर्फ शून्याच्याही खूप खाली उतरतो, उणे पंधरा-अठरा अंशांपर्यंत, आणि भांड्यातलं आईस्क्रीम कडेनं धरू लागतं. मुलं आळीपाळीनं दांडा फिरवतात. सांचा नसेल तर पसरट स्टीलच्या डब्यात घालून फ्रीजरमध्ये ठेवा आणि दर पाऊण तासानं बाहेर काढून काट्यानं कडा मोडत घोटा. तीन-चार वेळा तरी. आळस केला की खडे लागतात. वाढण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटं बाहेर काढून ठेवायला विसरू नये, हे दुधाच्या आईस्क्रीमपेक्षा जास्त कडक होतं.

या सगळ्याआधी भांडी. मिक्सरच्या ज्या भांड्यात सकाळी लस्सी फिरली असेल, त्याच्या रबरी रिंगेखाली दूध राहतं. रिंग काढून घासावी. पंचा वेगळा ठेवावा. माझ्याकडे या कामाचं मिक्सरचं भांडं, डाव आणि डबा वेगळे आहेत, त्यांना लाल दोरा बांधला आहे, आणि घरातल्या सगळ्यांना त्याचा अर्थ माहीत आहे.

पाहुणेही हेच आईस्क्रीम खातात. त्यांत दूध न घेणारे व्हीगन पुणे-मुंबईकर असतात तसेच रोज खरवस मागणारेही असतात. नारळाची किंचित चव येते, ती मी नाकारत नाही. कोकणात ती कुणाला खटकत नाही.

आपल्याला माझ्या दोन विनंत्या आहेत. ती चौकट दुरुस्त करून पुन्हा छापावी, आणि ती त्याच रविवारच्या पानावर, त्याच आकारात छापावी. आतल्या पानातली दोन ओळींची दिलगिरी ज्यांनी तो सल्ला कापून ठेवला आहे त्यांच्यापर्यंत पोचत नाही. दुसरी विनंती, यापुढे पुरवणीतल्या प्रत्येक पाककृतीखाली दूध, गहू, शेंगदाणे, काजू-बदाम, तीळ यांपैकी काय आहे ते एका ओळीत द्यावं. पंधरा शब्दांची जागा लागेल. मे महिन्यात मुलं आजोळी, गावी जातात आणि अशा घरांत जेवतात जिथे त्यांच्या ॲलर्जीची कुणाला सवय नसते. दुरुस्ती त्याआधी आली तर उपयोग होईल.

कळावे,
आपली नियमित वाचक,
मुरूड, ता. दापोली, जि. रत्नागिरी

ता. क. : ज्या मुलांना काजूचीही ॲलर्जी आहे त्यांच्यासाठी काजू वगळून कॉर्नफ्लॉवर एक चमचा वाढवावं आणि दाट दूध थोडं जास्त घ्यावं. नारळ चालतो का, हे मात्र आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारावं.