काजूच्या टरफलाचे तेल आणि लोखंडाचा रंग

अंबरनाथ, १४ जून

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि पुतण्याच्या हाती पाठवलेली टरफलाच्या तेलाची बाटली, दोन्ही मिळाली. काजूगर काढल्यावर कारखान्यामागे साठणारी टरफले स्वस्तात विकण्यापेक्षा त्यांच्या तेलापासून लोखंडाला गंजापासून वाचवणारा रंग आपणच का करू नये, असे तू विचारतोस. करता येईल, असे मला मनापासून वाटते. मात्र तुझ्या मनात आहे तो जवसाच्या तेलाचा मार्ग या तेलाला लागू पडत नाही. त्याचे कारण जरा विस्ताराने लिहितो.

माझी पंचवीस वर्षे अल्कीड रेझिनमध्ये, म्हणजे तेलापासून बनणाऱ्या आणि रंगाचा थर धरून ठेवणाऱ्या चिकट पदार्थात गेली. जवसाचे किंवा निर्जलित एरंडेल तेल ग्लिसरीनबरोबर २४० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवायचे, मग त्यात थॅलिक अनहायड्राइड टाकून निघणारे पाणी झायलीनबरोबर बाहेर काढत राहायचे. दर अर्ध्या तासाने अ‍ॅसिड व्हॅल्यू (किती आम्ल उरले आहे त्याचे माप) आणि घट्टपणा तपासायचा. उपकरणे सगळी असतात. तरीही जुने कामगार काचेवर थंड केलेला थेंब अंगठा आणि तर्जनीत धरून, पाकाची तार पाहावी तशी त्याची तार पाहतात, आणि तार लांबू लागली की बॅच उतरवायची वेळ झाली हे त्यांना कळते. दहा मिनिटे उशीर झाला तर आख्ख्या केटलमधला (तापवायच्या मोठ्या भांड्यातला) माल जेली होऊन बसतो आणि तो छिन्नीने फोडून काढावा लागतो. असा रंग हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतो. शेतीची अवजारे, घरातले ग्रील, लाकडी दारे यांसाठी तो उत्तम आहे आणि त्याच्याबद्दल माझ्या मनात आजही आदर आहे.

पण एका कामात त्याने मला चांगलाच धडा दिला. समुद्राजवळच्या एका गोदामाच्या जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यांवर आम्ही जवसाच्या अल्कीडचा रंग थेट लावला होता. पहिला पावसाळा निभावला. दुसऱ्या पावसाळ्यात रंगाचे पापुद्रे पापडासारखे उचलले गेले. एक पापुद्रा मी नखाने काढला, तर खालची बाजू बुळबुळीत लागली, ओल्या साबणाच्या वडीसारखी, आणि खरोखर तो साबणच होता. तेलातली स्निग्धाम्ले ग्लिसरीनशी एस्टरच्या बंधाने जोडलेली असतात आणि अल्कलीपुढे तो बंध टिकत नाही. ओलाव्यात जस्तावर जे अल्कधर्मी क्षार तयार होतात, त्यांनी तो तोडला आणि जस्ताचा साबण झाला. सिमेंटच्या ताज्या गिलाव्यावरही हेच घडते.

तुझ्या टरफलाच्या तेलात हा एस्टरचा बंधच नाही, आणि म्हणून मला त्याचे महत्त्व वाटते. टरफलाच्या वजनाच्या साधारण २० ते ३० टक्के निघणाऱ्या या तेलात मुख्यतः अ‍ॅनाकार्डिक आम्ल असते. ते १८० अंशांच्या वर तापवले की कार्बन डायऑक्साइड फेसाळत निघून जातो आणि कार्डेनॉल उरते. (या फेसासाठी भांडे निम्म्याहून अधिक रिकामे ठेवावे लागते.) कार्डेनॉल म्हणजे पंधरा कार्बनची लांब शेपटी असलेले फिनॉल (कार्बनच्या कड्याचे संयुग). ही शेपटी पाण्याला दूर ठेवते आणि फिनॉलचे कडे अल्कलीमुळे तुटत नाही. आपल्या किनाऱ्यावर होड्यांच्या फळ्यांना हे तेल चोपडतात, त्यामागेही पाण्याला दूर ठेवण्याचा हाच गुण आहे.

कार्डेनॉलची फॉर्माल्डिहाइड आणि अमाइनशी (नायट्रोजनयुक्त संयुगाशी) क्रिया घडवली की फिनाल्कमाइन तयार होते, आणि ते इपॉक्सीचा (दोन भाग मिसळून कडक होणाऱ्या रेझिनचा) हार्डनर, म्हणजे कडक करणारा दुसरा भाग, म्हणून वापरतात. साध्या अमाइन हार्डनरने दमट हवेत इपॉक्सीवर पांढुरका चिकट थर येतो, तो त्रास फिनाल्कमाइनने बराच कमी होतो. किंचित ओलसर पोलादावरही ते पकड घेते. कोकणातल्या हवेत याहून मोलाचा गुण कोणता? मात्र हा रंग संपूर्ण वनस्पतीजन्य आहे असे डब्यावर छापू नकोस, कारण इपॉक्सी रेझिन मुख्यतः पेट्रोलियममधूनच येते. शिवाय रंग तांबूस तपकिरी होतो आणि उन्हात इपॉक्सीची भुकटी सुटते, त्यामुळे तो प्राइमर (खालचा पहिला थर) म्हणूनच विकावा आणि वर उन्हात टिकणारा दुसरा थर असावा.

एक गोष्ट मात्र आग्रहाने सांगतो. कच्च्या तेलातील कार्डोल आणि अ‍ॅनाकार्डिक आम्लाने कातडी सोलते. बिब्बा उततो, तसाच हा प्रकार आहे. तुझ्याकडे काजू फोडणाऱ्या बायकांच्या बोटांची काळवंडलेली टोके मी पाहिली आहेत. रंगाच्या कारखान्यावर खर्च करण्याआधी त्यांच्यासाठी चांगले हातमोजे घे, आणि फॉर्माल्डिहाइडचे काम तर बंदिस्त रिअ‍ॅक्टर आणि धूर ओढणाऱ्या यंत्रणेशिवाय सुरूच करू नकोस. माझे मत असे की पहिली दोन वर्षे फक्त एकसारख्या प्रतीचे शुद्ध कार्डेनॉल काढावे आणि हार्डनर दुसऱ्याकडून करून घ्यावा.

या तेलाचे पाच लिटर आणखी पाठव, पण लोखंडी डब्यात नको. लोखंड लागले की फिनॉल काळवंडते. मी येथे हार्डनर करून पत्र्याचे बारा तुकडे रंगवून पाठवतो: सहा गोड्या पाण्याने धुऊन ब्लास्टिंग केलेले (वाळूसारख्या कणांचा जोराचा मारा करून साफ केलेले) आणि सहा नुसते ब्रशने घासलेले. वेंगुर्ल्याच्या धक्क्याजवळ ते दक्षिणेकडे तोंड करून बांध, प्रत्येकावर एक खोल ओरखडा मार, आणि गंज ओरखड्यापासून किती मिलिमीटर आत सरकतो हे दर महिन्याला मोजून कळवत जा.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीधर