तिथे तू ढोल असतोस

प्रिय सुहास,

तुमच्या कॉयरने (गायकवृंदाने) या नाताळाला जर्मन संगीतकार बाखचा 'ख्रिसमस ऑरेटोरिओ', म्हणजे येशूजन्माची गायलेली कथा, घेतलाय आणि तू बासमध्ये, म्हणजे पुरुषांच्या सर्वांत खालच्या आवाजात, उभा राहणार, हे वाचून फार आनंद झाला. त्यातला पहिला कोरस (सगळ्यांनी मिळून गायचं गाणं) घरी कसा बसवायचा विचारलंस, तेच लिहितो.

हा कोरस नुसत्या टिंपनीने, म्हणजे ऑर्केस्ट्रातल्या मोठ्या ढोलांनी, सुरू होतो, त्याला कारण आहे. बाखने हे संगीत मुळात मारिया योजेफा या सॅक्सनीच्या राजपत्नीच्या वाढदिवसासाठी, 8 डिसेंबर 1733साठी रचलं होतं. तिथले पहिलेच शब्द 'वाजा रे ढोलांनो, दुमदुमा ट्रंपेटांनो' अशा अर्थाचे. 1734च्या नाताळात लाइपझिगच्या चर्चसाठी त्याच सुरांवर 'याउखत्सेट, फ्रोलोकेट' (जल्लोष करा, आनंद करा) हे शब्द बसवले. शब्द गेले, ढोल राहिला. म्हणूनच 33व्या बारला (बार म्हणजे तालाचा एक छोटा खंड) सोप्रानो, आल्टो, टेनर, बास हे चारही आवाज एकाच सुरावटीत, खालच्या पट्टीत येतात. तिथे तू ढोल असतोस. सूर लांबवू नकोस, ठोका दे आणि सोड.

इथेच बहुतेक कॉयर घसरतात. ती पट्टी बासला घरची, सोप्रानोला, म्हणजे सर्वांत वरच्या आवाजाच्या बायकांना, अवघड. बास रेटून गातात, सोप्रानो ऐकूच येत नाहीत, मग त्याही छातीतून जोर लावतात आणि पुढे सूर वर चढला की त्यांचा आवाज दमलेला असतो. तुम्ही बासांनीच हात आखडता घ्या. 'याउखत्सेट'मधला 'खत्स' नीट फोड. त्याचा 'ख्झ' झाला की सगळा ठोका बोथट होतो.

आधीचे 32 बार गप्प राहायचंय. ताल 3/8, म्हणजे बाराला तीन मात्रा, पण बाराला एकच ठोका धर आणि चारचार बारांचे आठ गट मोज. दोन बार मिळून आपला दादरा होतो खरा, पण दादऱ्याची खाली इथे आणू नकोस. प्रत्येक बाराची पहिली मात्रा समेसारखीच हवी. एकूण 201 बार, मग पुन्हा पहिले 137. सगळं मिळून आठेक मिनिटं, म्हणजे मिनिटाला साधारण 42 बार. मेट्रोनोम आठवडाभर 32वर ठेव, मगच चढव. पुन्हा सुरुवातीला जाताना पानं मागे उलटावी लागतात. तिथे क्लिप लाव, नाहीतर दुसऱ्यांदा येणारे 32 बार हमखास चुकतात.

आर्या (एकट्याने गायची गाणी) आणि रेसिटेटिव्ह (बोलल्यासारखे गायचे भाग) सोलोवाल्यांचे, ते सोडून देतो. पाचव्या क्रमांकाचं कोराल (चर्चमधलं सामूहिक भजन) मात्र मन लावून कर. ती चाल येशूच्या दुःखभोगाच्या गीताची म्हणून सगळ्यांच्या कानात बसलेली आहे आणि बाख ती बाळाच्या स्वागताला वापरतो. फर्माटा, ही सुरावरची थांब्याची खूण, म्हणजे ओळ संपली, श्वास घे, एवढंच; तिथे ताणत बसलात की कोराल रडकं होतं. सहाही भाग करणार असाल तर अगदी शेवटी हीच चाल पुन्हा भेटेल, या वेळी डी मेजर या स्वरश्रेणीत, ट्रंपेट आणि टिंपनीसकट. ती जागा आली की पाचवा क्रमांक आठव आणि गा.

तुझा,
अनिल