हेन्री ऑस्टेन, त्या १० पौंडांसाठी आभार

आदरणीय हेन्री ऑस्टेन यांस,

सादर नमस्कार.

तुमची बहीण, इंग्रजी कादंबरीकार जेन ऑस्टेन हिच्या चरित्रांत तुमची ओळख बहुतेक ‘बँक बुडालेला भाऊ’ अशीच येते. आज मात्र आभार मानायचेत ते १८१६ साली तुम्ही भरलेल्या १० पौंडांसाठी, आणि त्या दिवशी आवरलेल्या जिभेसाठी.

१७९७ मध्ये प्रकाशक कॅडेल यांनी तिची एक कादंबरी उलट टपाली नाकारली, हस्तलिखित मागवलंसुद्धा नाही. दुसरे प्रकाशक क्रॉस्बी यांनी तर त्याहून वाईट केलं. १८०३ मध्ये तिची ‘सुसान’ ही कादंबरी १० पौंडांना विकत घेतली, जाहिरात दिली आणि बाड धूळ खात ठेवलं. हक्क कायमचे विकले गेले होते, पण छापण्याची मुदत सौद्यात नव्हती. सगळं अडलं ते तिथेच. सहा वर्षांनी जेनने टोपणनावाने विचारणा केली. बाड हरवलं असेल तर दुसरी प्रत देते, असंही लिहिलं. उत्तर आलं: छापायला आम्ही बांधील नाही, दुसरीकडे छापलंत तर विक्री रोखू, हवं तर तेवढेच पैसे भरून परत न्या. स्वतः छापायचं नाही आणि वर लेखिकेलाच धमकी! दोनशे वर्षांनंतरही हे वाचताना संताप होतो.

१८१६ मध्ये बाड परत घेण्याचा व्यवहार तुम्ही हाती घेतलात तोवर तिची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ गाजली होती, ‘एमा’ बाजारात आली होती, पण दोन्हींवर तिचं नाव नव्हतं. लेखिका कोण हे क्रॉस्बींना आधी कळतं, तर १० पौंडांत ते बाड त्यांनी कशाला सोडलं असतं? आणि तुमचा स्वभाव तर असा, की स्कॉटलंडमध्ये कुणी ‘प्राइड’ची स्तुती केली आणि बहिणीच्या कौतुकाने तुम्ही तिचं गुपित तिथल्या तिथे फोडलंत. तेच तुम्ही इथे पैसे चुकते होऊन बाड परत मिळेपर्यंत गप्प राहिलात. मग सांगितलंत, की ही ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’च्याच लेखिकेची आहे. पाठीशी उभं राहणारं माणूस असतं ते असं.

त्याच वर्षी मार्चमध्ये तुमची बँक बुडाली. पुढच्या वर्षी १८ जुलैला विंचेस्टरला जेन गेली. डिसेंबरमध्ये ‘सुसान’ अखेर ‘नॉर्थँगर ॲबी’ म्हणून आली, ‘पर्सुएशन’च्या जोडीने. मुखपृष्ठावर तेव्हाही नाव नव्हतं. पण आत तुम्ही लिहिलेल्या परिचयात, तिच्या स्वतःच्या पुस्तकात पहिल्यांदाच, ‘जेन ऑस्टेन’ छापलं गेलं.

आपली कृतज्ञ,
तिची एक वाचक