‘बॅन’ या एका शब्दाच्या जागी

सातारा
रविवार, दुपार

प्रिय सुध्या,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. सहामाहीच्या पेपरांचा गठ्ठा काल रात्री संपला, आणि आज पहिलं काम हेच घेतलं. तू विचारलं होतंस, अकरावीच्या पोरांना जड शब्द शिकवायचे कसे? पाठ करतात आणि आठ दिवसांत विसरतात. गेल्या वर्षीपर्यंत माझ्याही वर्गात तेच चालायचं. फळ्यावर चाळीस शब्द, समोर अर्थ, मग वाक्यात उपयोग. ‘निकष’चा उपयोग एका मुलीनं केला होता, ‘मला निकष आवडतो.’ ते वाचून मी पेन खाली ठेवलं. चूक तिची नव्हती रे. त्या शब्दावाचून तिचं कधी काही अडलंच नव्हतं.

म्हणून यंदा यादी बाजूला ठेवली आणि जवळजवळ महिनाभर एकच विषय घेतला, पुस्तकांवरची आणि नाटकांवरची बंदी. पहिल्या तासाला सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द होता, ‘बॅन’. ‘कीचकवध’ बॅन झालं, ‘सखाराम बाइंडर’ बॅन झालं, र. धों. कर्वे बॅन झाले. मी कुणाचं काही दुरुस्त केलं नाही. एवढंच विचारलं, कुणी केलं, कधी केलं, आणि नेमकं थांबलं काय?

मग एकेक प्रकरण उलगडत गेलं. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’चे प्रयोग १९०७ पासून होत होते, कीचकाच्या जागी प्रेक्षकांना कर्झन दिसत होता, आणि १९१० साली सरकारनं नाटक बंद पाडलं. ही प्रयोगबंदी. शि. म. परांजप्यांचे ‘काळ’ साप्ताहिकातले निबंध पुस्तकरूपानं आले तेव्हा सरकारनं ती पुस्तकं उचलली. ही जप्ती, त्या काळचा शब्द ‘सरकारजमा’ पोरांना फार आवडला. सावरकरांच्या १८५७वरच्या पुस्तकावर तर ते बाहेर पडण्याआधीच, १९०९ साली बंदी आली. ती उठायला १९४६ उजाडलं. तेंडुलकरांच्या ‘बाइंडर’ची गोष्ट आणखी वेगळी. १९७२ सालचं नाटक, संहिता आधी परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉर बोर्डाकडे, न्यायची, मंडळ काटछाट सुचवणार. दिग्दर्शक कमलाकर सारंग हायकोर्टात गेले आणि जिंकले. ‘परिनिरीक्षण’ हा शब्द पोरांनी दहा वेळा अडखळत म्हटला, पण म्हटला. कारण ‘बंदी’ म्हणून भागत नाही हे त्यांना कळलं होतं.

आणि कर्वे? ते तर ‘बॅन’ झालेच नव्हते. १९३४ साली त्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ या लैंगिक शिक्षणाला वाहिलेल्या मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला, डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूनं उभे राहिले, तरी दंड झाला. पण १९२७ साली सुरू झालेलं ते मासिक कर्व्यांनी १९५३पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत चालवलं. दंड सोसून, कर्ज सोसून. हे सांगताना माझा आवाज जरा हलला असावा. मागच्या बाकावरची कुजबुज थांबली.

पण तुला खरं सांगायचंय ते एका तासाबद्दल. वर्तमानपत्रातली कात्रणं वाटली होती. सगळीकडे ‘आक्षेपार्ह मजकूर’. मी फळ्यावर दोन शब्द लिहिले, आक्षेपित आणि आक्षेपार्ह. फरक काय? कुणालाच सांगता येईना. मग म्हटलं, नोकरीच्या जाहिरातीत ‘शैक्षणिक अर्हता’ असते ना, तोच हा ‘अर्ह’. शिक्षेला पात्र तो शिक्षार्ह. जरा वेळ शांतता. मग खिडकीपाशी बसणारा, वर्ग सुरू झाल्यापासून तोंड न उघडलेला एक मुलगा म्हणाला, “सर, म्हणजे आक्षेपार्ह म्हटलं की निकाल आधीच लागला की.”

सुध्या, वीस वर्षं शिकवतोय. ते वाक्य ऐकायला मी वीस वर्षं थांबायला तयार होतो. त्यानंतर पोरंच कात्रणं घेऊन बसली. इथं ‘आक्षेपित’ हवं, इथं नुसता ‘दावा’ आहे, पुरावा कुठाय? त्या दिवशी घंटा झाली तरी कुणी उठलं नाही.

पुढच्या आठवड्यात चंद्रकांत काकोडकरांच्या ‘श्यामा’चा खटला घेतला. १९६२च्या ‘रंभा’च्या दिवाळी अंकातली कथा, हायकोर्टात शिक्षा, पंचवीस रुपये दंड, आणि १९६९ साली सुप्रीम कोर्टात निर्दोष. सुटे उतारे धरून नव्हे, कृती समग्र वाचून ठरवा, असा त्या निकालाचा रोख. ‘समग्र’ शब्द मी सांगितलाच नाही, तो तिथं होताच. कर्व्यांच्या खटल्यानंतर पस्तीस वर्षांत कायदा तोच राहिला, मग बदललं काय? “निकष,” असं उत्तर आलं. गेल्या वर्षीच्या ‘मला निकष आवडतो’नंतर हे ऐकताना काय वाटलं असेल, तूच ओळख.

सगळी पोरं माझ्या मताची झाली असं समजू नकोस. एक मुलगी अगदी ठाम होती की लहानांच्या हाती सगळंच देऊ नये. तिला मी अडवलं नाही, फक्त नेमका शब्द मागितला. दुसऱ्या दिवशी ती लिहून घेऊन आली, ‘मला बंदी नको, वयानुसार निर्बंध हवा.’ ही रेघ तिची तिनं ओढली. वर्गानं मग तासभर तिच्याशी वाद घातला, आणि ती हटली नाही.

काल तिचाच पेपर तपासला. उतारा होता गावच्या पाणीवाटपावर, आपल्या विषयाशी काडीचा संबंध नाही. तिनं उत्तरात लिहिलंय, ‘पाणी कमी देण्याचा निकष कोणी ठरवला याचा उताऱ्यात उल्लेख नाही.’ मी तेवढंच वाक्य घरात मोठ्यानं वाचून दाखवलं.

आता तुझ्याकडे एक मागणं. काकांच्या ट्रंकेत जुन्या दिवाळी अंकांचे बांधीव गठ्ठे आहेत, ‘समाजस्वास्थ्य’चेही एक-दोन अंक होते असं आठवतं. दिवाळीला येशील तेव्हा आण. पोरांना तो कागद हातात घेऊन बघू दे. जपून वापरीन, आणि काकूंना सांग, परत नक्की मिळतील.

तुझा,
अण्णा