पेटीतली नऊवारी आणि तुझं पुस्तक

इंदूर, १२ फेब्रुवारी २०२६

प्रिय चिमे,

तुझा तो पाच मिनिटांचा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला, दोनदा तुझ्यासाठी आणि एकदा मागे तुझी सासू कुणावर ओरडत होती ते कळावं म्हणून. रंगपंचमीला येतेयस हे ऐकून इतका आनंद झाला की मी कुकरची शिट्टी मोजायची विसरले, वरणाचा लगदा झाला, घरी सगळ्यांनी गुपचूप खाल्लं. तू विचारलंयस की काय कपडे आणू, तिकडून काय घेण्यासारखं आहे, आणि ट्रेनमध्ये वाचायला काय. आता याचं उत्तर काय मेसेजमध्ये मावतंय? म्हणून पत्र. अक्षर वाईट आहे, चालवून घे, चष्मा बदलायचाय.

आधी हवा सांगते म्हणजे बॅग भरताना घोटाळा नको. वसंतपंचमी यंदा २३ जानेवारीलाच होऊन गेली, तेव्हा इथे मी दोन स्वेटर घालून पिवळा भात खात होते. आता सकाळी सातला स्कूटरवर हात गारठतात आणि दुपारी एकला त्याच स्कूटरची सीट तव्यासारखी. आपल्याकडे वसंत म्हणजे मोजून तीन-चार आठवडे गं, आंब्याला मोहोर आला, सिमरोलच्या घाटात पळस पेटला, की लगेच उन्हाळा दारात. त्यामुळे "स्प्रिंग कलेक्शन" बिलेक्शन जे मोबाईलवर दिसतं ना ते आपल्या कामाचं नाही, लिननचे लांब कोट घालून ट्यूलिपमध्ये उभ्या असलेल्या बायका. आपल्याला असं काहीतरी हवं जे सकाळी अंगावर घेता येईल, दुपारी काढून पिशवीत कोंबता येईल आणि मे महिन्यातही चालेल.

तर माझी पहिली पसंती, बाघ प्रिंटचं बिनबाह्यांचं जॅकेट. कुठल्याही साध्या कुर्त्यावर घाल. धार जिल्ह्यात बाघ गाव आहे तिथलं हे छापकाम, लाल आणि काळं, मागे पांढरं. लाल तुरटीचा, काळा लोखंडाचा, आणि छापून झालं की कापड नदीच्या वाहत्या पाण्यात धुतात, मग तांब्याच्या मोठ्या कढईत धावडीची फुलं आणि अलिझरीन नावाचा लाल रंग घालून उकळतात तेव्हा कुठे तो लाल उजळतो. आणि ऐक, अगदी सुरुवातीला कोरं कापड एरंडेल, खार आणि शेळीच्या लेंड्या यांच्या पाण्यात तुडवतात! मी हे आमच्या लेकीला सांगितलं तर तिने दोन दिवस तिचा बाघचा दुपट्टा घातला नाही, तिसऱ्या दिवशी कॉलेजात कुणीतरी छान म्हंटलं तर परत गळ्यात. रंग मात्र पक्का, माझं जॅकेट सात वर्षांचं आहे आणि अजून फिकं पडलेलं नाही.

रंगावरून आठवलं. दर वर्षी "वर्षाचा रंग" जाहीर करणाऱ्या त्या पँटोन कंपनीने २०२६ चा रंग कुठला काढलाय माहितीये? पांढरा! क्लाउड डान्सर म्हणे. वर्षभर विचार करून पांढरा, अरे हे तर आमच्या आजोबांनी जन्मभर घातलं. पण इंदूरपुरतं बोलायचं तर बरोबरच आहे, कारण गेरला, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीला, पांढराच घालायचा असतो. कपाटातला सगळ्यात जुना, विटका पांढरा कुर्ता आण, चांगला आणलास तर रडशील. टँकरवरचे पंप रंगाचं पाणी तीन-चार मजले वर उडवतात, राजवाड्यासमोर माणूस दिसत नाही नुसता गुलाल दिसतो, आणि संध्याकाळी तो कुर्ता काढलास की तुझा या वर्षीचा रंग काय ते कळेल. डोक्याला खोबरेल चोपडून ये, कानातलं-गळ्यातलं काही नको, पायात जुने बूट. फॅशन बाकी काही नाही त्या दिवशी.

पायातल्यावरून मुख्य काम. तू कोल्हापुरात राहतेस आणि मी इथे मॉलमधली नकली कोल्हापुरी घालते हे काही बरं दिसत नाही. गेल्या जूनमध्ये मिलानला त्या इटालियन फॅशनवाल्या प्राडाने २०२६ च्या वसंत-उन्हाळ्याच्या पुरुषांच्या शोमध्ये आपल्या चपला चालवल्या, कोल्हापूरचं नावही न घेता, मग केवढा गदारोळ झाला, मग कबूल केलं, मग त्यांची माणसं तुमच्या गावात येऊन कारागिरांना भेटून गेली, ते सगळं तू तेव्हा रोजच्या रोज कळवत होतीस. आता म्हणे महाराष्ट्र-कर्नाटकातच २,००० जोड करून घेणार आणि किंमत ८०० युरोच्या आसपास, म्हणजे ऐंशी हजारांच्या वर! नवरा म्हणाला तेवढ्यात तर पायच नवीन येतील. पण मला खरं सांगू, राग नाही आला, मला लाज वाटली, कारण त्या बातम्या वाचेपर्यंत मलाही कोल्हापुरी म्हणजे "लग्नात मुलं कुर्त्यावर घालतात ती" एवढंच होतं. तर माझ्यासाठी एक जोड आण, कापशी प्रकारची, वेणीचा पट्टा असलेली, रंग तेलात भिजल्यासारखा तो तपकिरी. नंबर पाच. करकर वाजणारी नको, ऑफिसात मी कुठे चाललेय ते सगळ्यांना कळतं. घालायच्या आधी आतून तेल लावून ठेवीन, मागच्या वेळी न लावता घातली आणि आठ दिवस अंगठ्याला पट्टी बांधून फिरले. पैसे तू आल्यावर, वाद नको.

आता साडी. हे जरा लांब होणार आहे, चहा घेऊन बस.

गेल्या वर्षी याच दिवसांत मी बाजारातून एक "महेश्वरी" घेतली, दुकानाचं नाव नाही सांगत, उगाच कशाला. दुकानदार भिया इतका गोड, "दीदी प्योर हैंडलूम है", आणि रंग काय सुंदर, मोरपंखी. दुसऱ्या धुण्यात ती अशी लुळी पडली की विचारू नको. मग मी एक धागा काढून काडीने जाळला. रेशीम असतं तर केस जळाल्याचा वास येऊन राख चुरली असती, सूत असतं तर कागदासारखं जळलं असतं, हा धागा वितळला आणि त्याचा टणक मणी झाला. प्लास्टिक, चिमे! साडेचार हजारांचं प्लास्टिक अंगाला गुंडाळून मी हळदीकुंकवाला मिरवून आले होते.

तेव्हापासून मी बघायला शिकले. महेश्वरी ओळखायची तर काठ उलटा करून बघायचा, दोन्ही बाजूंनी घालता यावा असा असतो, बुगडी म्हणतात त्याला. पदरावर पाच पट्टे, तीन रंगीत दोन पांढरे. काठावरची नक्षी म्हणजे चटई, वीट, हिरा, चमेलीचं फूल, महेश्वरच्या किल्ल्याच्या भिंतीवर जे कोरलंय तेच विणकरांनी उचललं असं सांगतात आणि एकदा तिथल्या घाटावर बसून बघितलंस तर पटतं. हातमागाचं असेल तर कडेला बारीक बारीक भोकं दिसतात, विणताना कापड ताणून धरायला काठी लावतात तिच्या टोकांची. ताणा म्हणजे उभा धागा रेशमाचा, बाणा म्हणजे आडवा सुताचा, म्हणून ती हलकी असते आणि चुरगळली तरी गरीब दिसत नाही. मार्च-एप्रिलला याच्यासारखं दुसरं काही नाही असं माझं ठाम मत आहे, चंदेरीसुद्धा नाही, चंदेरी सुंदर असते पण ती अंगावर घेतली की मला सारखं सांभाळून बसावं लागतं, काच नेसल्यासारखं.

आणि आता जे सांगायचंय ते. जानेवारीत आईकडची लोखंडी पेटी उघडली. फिनेलच्या गोळ्यांचा वास, माझी पाचवीची प्रगतीपुस्तकं (गणितात ३८, लपवून ठेवलं होतं आईने!), आणि सगळ्यात खाली आजीची नऊवारी. महेश्वरी. ही मात्र नुसत्या सुताची, आणि आपल्या इंदूरच्या मराठी बायका रोज नऊवारीच नेसायच्या, महेश्वर होळकरांच्या राज्यातलं गाव, अहिल्याबाईंनी तिथे राजधानी केली आणि बाहेरून विणकर आणून वसवले त्याचा हा शेवटचा तुकडा आमच्या पेटीत. आजीच्या लग्नातली, १९५१ ची. पिकल्या लिंबाचा रंग, काठ कुसुंबी. तुला आठवते का ती साडी? तूच तिच्या पदराखाली लपायचीस, शाळेतून येताना कुत्रा मागे लागला की. पदराला एके ठिकाणी रफू आहे, ते तुझ्या कंपासपेटीचं काम आहे, आजीने कधी बोलून नाही दाखवलं.

आता प्रश्न असा की मला नऊवारी नेसता येत नाही, लेक नेसणार नाही, पेटीत ठेवली तर घडीवर चिरून जाईल, तीन घड्यांवर चिरायला लागलीच आहे. वहिनी म्हणते फ्रेम करून भिंतीवर लाव. साडी काय भिंतीवर लावायची चीज आहे? मी हिशेब केला, नऊ वारातून सहा वार माझी साडी, उरले तीन वार. तीन वारात कुर्ता होतो, चिरलेला भाग कापून टाकला तरी होतो. पुढचं तू समजून घे.

दागिन्यांचं फारसं नाही यंदा. सोन्याचे भाव बघून सराफ्यात मी आता फक्त रात्री जाते, दुकानं बंद झाल्यावर, भुट्ट्याचा कीस आणि गराडू खायला. पण एक वस्तू घेतलीय आणि तुलाही घ्यायला लावणार आहे, हसू नको, चष्म्याची साखळी. चांदीची, मधे मधे बारीक घुंगरू. आपण त्या वयाला पोचलो बाई, चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधायच्या. आधी मला वाटलं अगदी रिटायर्ड मुख्याध्यापिका दिसेन, दिसतेच, पण रुबाबदार मुख्याध्यापिका. आणि एक सुती पंचासारखा मोठा स्कार्फ, स्कूटरवर तोंडाला बांधायचा. इंदुरात दुपारी सगळ्या बायका सारख्याच दिसतात, नुसते डोळे, मी एकदा दुसऱ्याच बाईला "चल बस मागे" म्हणाले आणि ती बसलीपण.

वाचायचं. इथे मला एक कबुली द्यायचीय. दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र' तुझं हरवलं ना, १९९८ पासून तू म्हणतेस हरवलं? हरवलं नाही. माझ्याकडे आहे. पहिल्या पानावर तुझं नाव, खाली तुझ्या त्या वळणदार अक्षरात "परत करणे". मी दर वर्षी ठरवते की करीन. ते असं पुस्तक आहे की एकदम वाचून संपवलं तर मजा जाते, बारा महिन्यांचे लेख, ज्या महिन्याचा तो त्या महिन्यात वाचायचा, म्हणून ते परत देता येत नाही, सारखा पुढचा महिना येतो! १९५६ चं पुस्तक पण अंगणातल्या झाडाकडे बघायला आजही तेच शिकवतं. आणि बाई आपल्याच, जन्म इंदूरचा, १० फेब्रुवारी १९१०. परवा त्या तारखेला मी ते पुस्तक काढलं आणि तुला सांगूनच टाकायचं ठरवलं. फाल्गुन मी इथे वाचते, चैत्र तू घेऊन जा. चैत्राच्या लेखाचं नाव 'वसंतहृदय चैत्र', पाडवा १९ मार्चला आहे, त्या दिवशी उघड, आधी नको.

ट्रेनसाठी विनोद कुमार शुक्लांची 'दीवार में एक खिड़की रहती थी'. तुझी हिंदी कोल्हापुरात गंजली असेल, पण इतकी साधी हिंदी आहे की चालेल. एक मास्तर, नवी बायको, एक खोली, आणि कॉलेजला हत्तीवर बसून जायचं. बस एवढंच. कुणी कुणाचा खून करत नाही, इस्टेटीवरून भांडत नाही. डिसेंबरात ते गेले तेव्हा मी पुन्हा वाचली आणि खिडकीतून पलीकडे उतरायची पानं आली की पुस्तक मिटून नुसती बसायचे, नवऱ्याला वाटायचं बीपी वाढलं.

'ऋतुसंहार'चा एक मराठी अनुवाद खजुरी बाजारात गाइडांच्या ढिगाखाली मिळाला, कव्हर नाही, वीस रुपये. उज्जैन जवळच म्हणून कालिदास आपल्याला घरचा वाटतो, जरी काही पंडित म्हणतात की हे त्याचं नाहीच. मला यातली एकच गोष्ट फार आवडली, तो उन्हाळ्यापासून सुरू करतो आणि वसंत अगदी शेवटी, सहावा. आधी घाम काढा मग फुलं. बाकी मधे मधे कंटाळा येतो, प्रत्येक ऋतूत त्या बायकांना दागिने आणि विरह याशिवाय कामच नाही, धुणंभांडी कोण करायचं देव जाणे. ते नको आणूस-वाचूस, इथे येऊन चाळ.

बरं, आता पुरे, पोहे भिजवलेत ते फुगून परातीबाहेर येतील. माझा टेलर म्हणतोय की होळीनंतर त्याच्याकडे लग्नसराईची गर्दी, माप आत्ताच द्या. तर छाती, कंबर, बाही आणि उंची लिहून पाठव, खरी, कॉलेजातली नको. कुर्त्याला कुसुंबी काठ खाली ठेवायचा की बाह्यांना ते पण सांग, आणि तुझं रफू पुढे दिसलेलं चालेल का तेही. तू सांगेस्तोवर कात्री लावत नाही.

नंबर पाच, विसरू नको.

तुझी,
बुटकी