विडीचा हिशोब होता, लॅपटॉपचा का नाही?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीत पाणी आलं ते सकाळी सव्वाअकराला, आणि बरोबर सव्वाअकरालाच माझी टीमची मीटिंग असते. सोलापूरकरांना हे वेगळं सांगायला नको, चार-पाच दिवसाआड पाणी येतं आणि आलं की घरातला प्रत्येक हात लागतो, मोटर लावा, पाईप धरा, पिंपं भरा, घागरी भरा, वरच्या टाकीत चढतंय का बघा. अम्माचे गुडघे गेलेत, तिला जिना चढवत नाही, नवरा ड्युटीवर, म्हणून मी कॅमेरा बंद केला, हेडफोन कानात ठेवला आणि वीस मिनिटात पाणी भरून घेतलं. त्या वीस मिनिटात मला दोन प्रश्न विचारले गेले, दोन्हीची उत्तरं मी दिली. संध्याकाळी मॅनेजरचा मेसेज आला की कॅमेरा ऑफ का होता, वर्क फ्रॉम होम म्हणजे सुट्टी नव्हे. त्याच दिवशी मी रात्री पावणेदहापर्यंत बसून एका क्लायंटचं अडलेलं काम पुरं केलं होतं, त्याचा मात्र कुठंच उल्लेख नाही. तो मेसेज मी चार-पाचदा वाचला आणि मग ठरवलं की आपल्या पेपरला लिहायचंच.

मी पुण्यातल्या एका कंपनीच्या सपोर्ट टीममध्ये आहे. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा लॅपटॉप घेऊन सोलापूरला आले ती इथंच राहिले. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण हा एका कंपनीचा विषयच नाहीये, माझ्या ओळखीत घरून काम करणारे सात-आठ जण आहेत, जुळे सोलापुरात, होटगी रोडला, अक्कलकोट रोडला, आणि सगळ्यांची रड तीच. आधीच सांगते, मला हे काम बंद व्हायला नकोय, उलट टिकायला हवंय. पुण्यात मी दोन मैत्रिणींबरोबर एका खोलीत राहत होते, पगारातला मोठा वाटा भाडं आणि मेसमध्ये जायचा, अम्मा-नाना, म्हणजे आई-वडील, इकडं एकटे. आपल्या गावात या शिक्षणाच्या नोकऱ्या किती आहेत हे सगळ्यांना माहिती आहे, पोरं डिग्री घेतात आणि पुण्याची हुतात्मा एक्स्प्रेस धरतात ती दिवाळीलाच परत येतात. घरून काम या एका गोष्टीमुळं काही घरात पोरं परत आली, म्हातारी माणसं दवाखान्यात न्यायला कुणीतरी आहे. म्हणूनच हे नीट चालावं असं जीव तोडून वाटतं.

आता मुद्द्याचं. घरून काम ही गोष्ट आयटीवाल्यांनी २०२० मध्ये शोधून काढली असं सगळे बोलतात पण सोलापूरच्या आमच्या पूर्व भागात तीन-तीन पिढ्या बायका घरूनच काम करत आल्यात. माझ्या अम्मानं एकतीस वर्षं विड्या वळल्या. सकाळी कारखान्यात जायचं, आदल्या दिवसाच्या विड्या द्यायच्या, पान-तंबाखू घ्यायचं, घरी येऊन पान भिजवायचं, कात्रीनं कापायचं, मांडीवर सूप घेऊन बसायचं ते रात्री उशिरापर्यंत. आमची एक खोली, तीच स्वयंपाकघर, तीच अम्माचा कारखाना, तिथंच कोपऱ्यात आमचा अभ्यास, तंबाखूच्या वासानं लहान भावाला खोकला. मी त्या कामाला चांगलं म्हणत नाहीये, तिची बोटं आणि पाठ बघितली की मला आजही राग येतो. पण एक गोष्ट त्या कामात होती जी माझ्या कामात नाही, हिशोब होता. हजार विड्यांना किती हे ठरलेलं, दिल्या किती ते पुस्तकात लिहिलेलं, हजार झाल्या की झाल्या, मग अम्मा दुपारी झोपली काय किंवा शेजारणीकडं बसली काय कारखानदार विचारायला यायचा नाही की तू दिसत का नाहीस.

आणि अन्याय कुठं व्हायचा तेही लख्ख दिसायचं. कारखान्यातून मिळालेलं पान खराब निघालं की हजाराचा आकडा भरायला अम्मा पदरमोड करून बाहेरून पान विकत आणायची. छाट काढायचे, म्हणजे विडी नापास करून बाजूला टाकायचे, मजुरी तेवढी कापली जायची आणि ती विडी परत मात्र मिळायची नाही. यावर बायका भांडल्या, मोर्चे काढले, लाल झेंडा घेऊन कलेक्टर कचेरीवर बसल्या. मी लहानपणी अम्माचं बोट धरून अशा मोर्चात गेलेय.

आता माझ्याकडं बघा. इन्व्हर्टर बॅटरीसकट माझ्या पैशानं, बावीस हजार गेले. इंटरनेट माझं, एक लाईन बंद पडली तर दुसरी असावी म्हणून मोबाईलचं मोठं रिचार्जही माझंच. एप्रिल-मेमध्ये इथं ४३-४४ डिग्री होतं, पत्र्याच्या खोलीत कूलर लावल्याशिवाय लॅपटॉपसुद्धा तापून बंद पडतो, ते लाईटबिल माझं. खुर्ची माझी. आणि एवढं करून एकदा दुपारी लाईट गेली, बॅटरी आधीच उतरलेली होती, चाळीस मिनिटं मी ऑफलाईन दिसले तर हाफ डे लागला. अम्मानं ऐकलं आणि तेलुगूत म्हणाली, म्हणजे तुझंही पान विकतचंच की. मला बोलायला काही सुचेना.

सगळ्यात वाईट तो हिरवा ठिपका. पाच मिनिटं माऊस हलला नाही की नावापुढचा ठिपका पिवळा होतो आणि पिवळा झाला की समजायचं माणूस कामावर नाही. मी एखादा अवघड प्रॉब्लेम वहीवर मांडून सोडवत असेन, क्लायंटशी फोनवर बोलत असेन, तरी पिवळा. आमच्यातला एक जण तर टॉयलेटला जाताना फोन घेऊन जातो, ठिपका हिरवा राहावा म्हणून. दुसऱ्या एका ओळखीच्या मुलीच्या लॅपटॉपवर कंपनीनं असं सॉफ्टवेअर टाकलंय की दर थोड्या वेळानं स्क्रीनचा फोटो काढला जातो, तिनं नवऱ्याचा रिपोर्ट ईमेलवर उघडला होता तोही त्यात गेला. ठिपक्यानं काम मोजलं जातं का हो? माझ्याकडं दिवसाला किती तक्रारी आल्या, किती मिटल्या, किती पुन्हा उघडाव्या लागल्या हे सगळं सिस्टीममध्ये आकड्यात आहे, ते बघा आणि कमी भरलं तर खुशाल बोला, ऐकून घेईन.

आवाजाचंही तसंच. आमच्या मागच्या भिंतीला यंत्रमाग आहेत, दिवसभर खटाखट चालू. सोलापूरची चादर आणि टॉवेल जगात जातात त्याचा तो आवाज आहे, आम्ही त्यात झोपायला शिकलो, अभ्यास त्यातच केला. मला मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं गेलं की प्रोफेशनल वातावरण ठेवा. मी आवाज अडवणारा हेडफोन मागितला तर पॉलिसीत बसत नाही म्हणाले. मग प्रोफेशनल वातावरण कुणी द्यायचं? ऑफिसात माझ्या खुर्चीखालच्या जागेचं भाडं, एसी, लाईट, चहा सगळं कंपनी भरायची, ते आता वाचतंय, त्यातला एक हेडफोन निघत नाही.

पण आमच्यातल्यांनाही बोललं पाहिजे, नाहीतर हे पत्र खोटं होईल. नेट गेलं असं सांगून लग्नाला जाऊन बसणारे मी बघितलेत. त्यांचं काम त्या दिवशी माझ्यावर आलं, आणि पुढं माझं नेट खरंच गेलं तेव्हा माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. एकाच वेळी दोन कंपन्यांचा पगार घेणारेही आहेत. माझं स्पष्ट मत आहे की ठरलेल्या वेळात माणूस सापडलाच पाहिजे, जाणार असेल तर आधी सांगून गेला पाहिजे, काम अडलं तर दुपारी सांगितलं पाहिजे, रात्री नाही. आणि नवीन पोरांना काम समोर बसूनच येतं, मी स्वतः शेजारच्या खुर्चीवरच्या सिनिअरचं बघून शिकले, त्यामुळं महिन्यातून एकदा पुण्याला बोलावलं तर माझी तक्रार नाही, सकाळी हुतात्मानं जाऊन रात्री हुतात्मानंच परत येता येतं. फक्त आठ दिवस आधी सांगा. रविवारी रात्री मेसेज टाकून सोमवारी सकाळी हजर राहा म्हणायचं हे कुठल्या शिस्तीत बसतं?

घरच्यांनाही सांगावं लागतं ते वेगळंच. "घरीच हैस की, जरा बँकेत जाऊन ये", "घरीच हैस की, पाव्हणे आलेत चहा टाक". गड्ड्याच्या यात्रेत तर विचारूच नका, जानेवारीत घर पाव्हण्यांनी भरलेलं आणि मी आतल्या खोलीत दार लावून कॉलवर, बाहेर सगळ्यांना वाटतं पोरगी शिष्ट झाली. पुरुषांना हे कमी ऐकावं लागतं, माझा चुलतभाऊ पण घरूनच काम करतो, त्याच्या दारावर कुणी थाप मारत नाही आणि चहा आत जातो.

आता कायद्याचं बोलते, मी वकील नाही पण अम्मामुळं एवढं माहिती झालंय. विडी कामगारांचा कायदा १९६६ ला झाला आणि त्यात मालकाकडून कच्चा माल घेऊन घरी विडी वळणारीलाही कामगार म्हटलं होतं. या बायकांना प्रॉव्हिडंट फंड लागू आहे की नाही हे भांडण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि १९८५ मध्ये कोर्टानं सांगितलं की घरी बसून काम केलं तरी ती कामगारच. कुंभारीला गोदूताई परुळेकर यांच्या नावानं विडी कामगार बायकांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली ती अशाच लढ्यातून. म्हणजे घर हीसुद्धा कामाची जागा असते हे आपल्या देशानं साठ वर्षांपूर्वी कागदावर मान्य केलंय.

लॅपटॉपवाल्यांसाठी काय आहे? दुकानं आणि आस्थापनांचा राज्याचा २०१७ चा कायदा आहे, त्यात मुळात दिवसाला ९ तास होते, आठवड्याला ४८, जास्त काम घेतलं तर दुप्पट दर. सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं ९ चे १० तास करायला मंजुरी दिली. ठीक आहे, पण ऑफिसात दहा तास झाले की माणूस उठून बाहेर पडलेला दिसतो तरी, घरच्या टेबलावर ते कोण मोजणार? केंद्रानं डिसेंबर २०२० मध्ये सेवा क्षेत्रासाठी नमुना नियमांचा मसुदा काढला त्यात घरून कामाचा उल्लेख आला, पण तो एवढाच की मालक आणि कामगारात ठरल्याप्रमाणे मालक परवानगी देऊ शकेल. खर्च कुणाचा, वेळ कुठली, कॅमेरा कधी, सगळं "ठरल्याप्रमाणे". आणि ठरवताना मी एकटी असते आणि समोर कंपनी. बाळंतपणाच्या कायद्यात २०१७ ला दुरुस्ती झाली, २६ आठवड्यांची रजा आणि नंतर काम तशा स्वरूपाचं असेल तर घरून करायची सोय, तिथंही दोघांनी ठरवायचं असंच लिहिलंय. कामाची वेळ संपल्यावर फोन न उचलण्याचा हक्क असावा म्हणून शेजारच्या बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ ला लोकसभेत खासगी विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराचं विधेयक, मांडलं, डिसेंबर २०२५ ला पुन्हा मांडलं. पण १९७० नंतर एकही खासगी विधेयक मंजूर होऊन कायदा झालेला नाही, म्हणजे आशा किती धरायची. फ्रान्समध्ये हा हक्क २०१७ पासून आहे, ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून.

तोपर्यंत थांबायचं का तर नाही. माझी मागणी फार मोठी नाहीये. घरून काम करणाऱ्या प्रत्येकाला कंपनीनं एक पानाचं पत्र द्यावं, किती वाजता सुरू, किती वाजता बंद, मेसेजला किती वेळात उत्तर, कॅमेरा कुठल्या मीटिंगला लागेल, दिवसाचं काम कशानं मोजणार, लाईट किंवा नेट गेलं तर कुणाला कळवायचं आणि त्याची रजा कापणार का, लाईटबिल-नेटचे महिन्याला किती देणार. दोघांच्या सह्या. त्यात लिहिलेलं मी पाळलं नाही तर कारवाई करा. राज्य सरकारनं आस्थापना कायद्याच्या नियमात असं पत्र सक्तीचं करावं, आणि इथं सोलापुरात राहणाऱ्या माझ्यासारखीला पुण्याच्या कंपनीविरुद्ध तक्रार करायची झाली तर ती सोलापूरच्या कामगार कार्यालयात घेतली जाईल एवढं स्पष्ट करावं.

महापालिकेला आणि महावितरणलाही एक विनंती. कुठल्या भागात कुठल्या दिवशी किती वाजता पाणी सुटणार हे ठरवा आणि ती वेळ पाळा, लाईट कामासाठी बंद ठेवणार असाल तर आदल्या दिवशी मोबाईलवर नक्की कळवा. मी मॅनेजरला आधी सांगून अर्धा तास मागून घेईन आणि रात्री भरून देईन, पण पाणी कधी सकाळी सहाला, कधी दुपारी तीनला, मी कुणाला काय सांगू?

या सोमवारी मी असं पत्र स्वतःच लिहून मॅनेजरला मेल करणार आहे, माझी वेळ, माझं काम, माझा खर्च, सगळं आकड्यात. ओळखीतल्या आणखी चौघांनी आपापल्या कंपनीत पाठवायचं ठरवलंय. ज्यांना नमुना हवा असेल त्यांच्यासाठी आपण पेपरात जागा दिलीत तर मी लिहून पाठवते.

पत्र छापलंत तर नाव छापू नये ही विनंती, नोकरीचा प्रश्न आहे. पूर्व भाग, सोलापूर एवढं लिहिलं तरी चालेल.

आपली,
एक नेहमीची वाचक